पाटीवर नाव तिचं, पण गल्ला कुणाकडे? प्रवासात बायकांच्या व्यवसायांना खरा हातभार कसा लावायचा

होमस्टेचं बिल द्यायला मी भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. दोन दिवस तिथे राबताना मी एकाच बाईला पाहिलं होतं. फोन तिने उचलला होता, खोली तिने दाखवली होती, रात्री गरम पाण्याची बादली जिना चढून तिनेच आणून दिली होती. पाटीवरही तिचंच नाव. माझा अंगठा स्क्रीनवर अडखळला, तिच्या ते लक्षात आलं.

"यांचं खातं आहे ते," ती म्हणाली. "माझंही आहे बँकेत, पण त्याला मोबाइल नंबर जोडायचा राहिलाय. बँकेत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्या दिवशी इथे कोण बघणार?"

मी विचारलं, "रोख देऊ का?" ती म्हणाली, "निम्मे द्या." नोटा तिने दोनदा मोजल्या, पाहुण्यांच्या नोंदवहीच्या कव्हरात सरकवल्या आणि वहीत आकडा लिहून ठेवला. नवरा वाईट होता असं मुळीच नाही. भला माणूस होता, सकाळी माझी बॅग त्यानेच खाली आणली. पण पुढच्या हंगामाआधी नव्या गाद्या घ्यायच्या की गच्चीवर पत्रा घालायचा, हे ठरवायची वेळ आली की ज्याच्या खात्यात पैसे, त्याचा शब्द थोडा जड होतो. हे कुठल्याही घरात होतं.

तेव्हापासून प्रवासात "महिलांनी चालवलेले" असं काही दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: गल्ला कुणाकडे? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याबद्दल आहे, निघण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर.

आधी शब्द नीट समजून घेऊ

बाईने सुरू केलेला व्यवसाय, बाईच्या मालकीचा व्यवसाय, बाई चालवते तो व्यवसाय आणि बायका कामाला असलेला व्यवसाय या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत चारही एकाच वाक्यात बसवल्या जातात. एखाद्या मोठ्या हॉटेलात साफसफाईला सगळ्या बायका असतील, पण म्हणून ते हॉटेल बायकांचं होत नाही. उलट एखादीने उभं केलेलं दुकान आज मुलगा आणि जावई बघत असतील आणि ती फक्त भिंतीवरच्या फोटोत उरली असेल.

पर्यटनात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथे बायकांची संख्या मुळातच मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार पर्यटनात काम करणाऱ्यांत ५४ टक्के महिला आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हेच प्रमाण ३९ टक्के. मात्र त्याच अहवालात पुढे असंही आहे की पर्यटनात महिलांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी १४.७ टक्क्यांनी कमी आहे. तेव्हा "इथे बायका दिसतायत" एवढ्यावर समाधान मानलं तर आपण फक्त त्यांची मेहनत पाहिली, मिळकत नाही.

मालकी मोजायची फूटपट्टीसुद्धा आहे. महिलांच्या व्यवसायांना मोठ्या खरेदीदारांशी जोडणारी 'वीकनेक्ट इंटरनॅशनल' ही संस्था किमान ५१ टक्के मालकी, शिवाय व्यवस्थापन आणि नियंत्रणही महिलांकडे असेल तरच प्रमाणपत्र देते. आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेने २०२१ साली याच विषयावर एक दस्तऐवज काढला, आयडब्ल्यूए ३४ नावाचा. त्यातली एक अट मला सगळ्यात आवडते: व्यवसायाच्या कायदेशीर कागदांवर आणि आर्थिक खात्यांवर महिलेची सही चालली पाहिजे. म्हणजे शेवटी आयएसओसुद्धा गल्ल्यापाशीच येऊन थांबली.

आता तुम्ही दोन दिवसांसाठी गेलेले पाहुणे. तुम्ही काही कुणाचे भागभांडवल तपासायला जाणार नाही आणि जाऊही नये. पण मनात ही फूटपट्टी असली की कुठे बघायचं ते कळतं.

पायरी पहिली: पैसा कुठे जातो ते मांडा

प्रवासाच्या खर्चाची वही उघडा. प्रवासभाडं सोडलं तर मोठे आकडे दोन-तीनच असतात: राहणं, फिरवणारा माणूस किंवा गाडी आणि जेवणखाण. खरेदीचा आकडा बहुतेकांचा शेवटी आणि लहान असतो. गंमत अशी की "स्थानिक महिलांना मदत" म्हटलं की आपण थेट खरेदीवर उडी मारतो. एक पिशवी, दोन कानातले, झालं समाधान. चार रात्रींचं भाडं आणि तीन दिवसांचा गाइड मात्र जो अ‍ॅपवर पहिला दिसला त्याला.

माझा सल्ला असा की सगळं बायकांकडूनच घ्यायचं असा हट्ट धरू नका, तो दुसऱ्याच दिवशी मोडतो. मोठ्या आकड्यांतला एक निवडा, राहणं किंवा गाइड, आणि त्यासाठी नीट शोध घ्या. बाकी जमेल तसं.

गाइडचा पर्याय मी आधी सुचवेन, कारण तिथे बायका सगळ्यात कमी दिसतात आणि एकीला काम मिळालं की दुसरीला शिकायला दार उघडतं. नेपाळमध्ये पोखऱ्याला लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणी गेस्ट हाउस चालवत. ट्रेकवरून परत आलेल्या बायका आपल्या पुरुष गाइडकडून झालेल्या त्रासाच्या गोष्टी त्यांना सांगायच्या. त्यातून नव्वदच्या दशकात 'थ्री सिस्टर्स अ‍ॅडव्हेंचर ट्रेकिंग' सुरू झाली आणि पुढे गावाकडच्या मुलींना गाइड म्हणून तयार करणारी संस्थाही. लडाखमध्ये थिनलास चोरोल यांनी २००९ साली 'लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी' काढली. तिथे गाइड महिला असतात आणि मुक्काम गावातल्या घरांत. म्हणजे तुम्ही एक ट्रेक ठरवता आणि पैसे गाइडबाईकडे जातात, शिवाय प्रत्येक मुक्कामाच्या घरातल्या बाईकडेही. दहा पिशव्या विकत घेऊन हे होत नाही.

पायरी दुसरी: शोध, निघण्याआधी

घाईत शोधलं तर सापडतात ते जाहिरातीवर खर्च करू शकणारे. लहान व्यवसाय पहिल्या पानावर नसतात. म्हणून थोडा आडवळणाने शोध घ्यावा लागतो.

एक तर तिथल्या भाषेत शोधा. "महिला सहकारी संस्था", "विणकर महिला", "महिला गाइड" हे शब्द भाषांतर करून त्या लिपीत टाका, निकाल पूर्ण बदलतात. दुसरं, आधी संस्था शोधा आणि मग तिच्याकडून व्यक्ती. हस्तकला, हातमाग, बचत गट, ट्रेकिंग प्रशिक्षण यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थांना कोण खरं काम करतं ते ठाऊक असतं. कच्छमध्ये चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९च्या दुष्काळात बायकांना भरतकामाचं काम मिळवून द्यायला सुरुवात केली, त्यातून 'श्रुजन' उभी राहिली. लाओसमध्ये लुआंग प्राबांगला २००० साली एका स्थानिक विणकरीणीने आणि एका ब्रिटिश तरुणीने मिळून 'ऑक पॉप टॉक' काढलं, तिथे विणकाम बघताही येतं आणि शिकताही येतं. अशा ठिकाणी गेलात की पुढची चार नावं तिथेच कळतात.

नकाशाच्या अ‍ॅपवर काही देशांत "महिलांच्या मालकीचा व्यवसाय" अशी खूण दिसते. ती खूण मालकाने स्वतः लावलेली असते, कुणी येऊन तपासलेलं नसतं. सुरुवात म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

आणि एक मार्ग असा आहे जो फारसा कुणी वापरत नाही, तो म्हणजे सरकारी नोंदी. भारतात जीएसटी क्रमांक असलेल्या व्यवसायाला तो दाराशी पाटीवर लावावा लागतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की कायदेशीर नाव कुणालाही बघता येतं. एकाच व्यक्तीच्या मालकीचा व्यवसाय असेल तर ते नाव मालकाचंच असतं. ब्रिटनमध्ये 'कंपनीज हाउस'च्या नोंदीत संचालक कोण आणि कंपनीवर प्रत्यक्ष ताबा कुणाचा हे फुकट बघायला मिळतं. टूर कंपनीला मोठी आगाऊ रक्कम पाठवण्याआधी ही पाच मिनिटं घालवायला हरकत नाही. मालकी बाईची असो नसो, कंपनी खरी आहे का तेवढं तरी कळतं. मात्र घरगुती होमस्टे, रस्त्याकडेची विक्रेती, एकटी गाइड यांच्याकडे असा क्रमांक नसेल. नोंदणीची मर्यादा गाठेल एवढी उलाढालच नसते. क्रमांक नाही म्हणून संशय घेऊ नका.

संकेतस्थळ असेल तर "आमच्याबद्दल" हे पान वाचा आणि तिथे नाव शोधा. "सक्षमीकरण", "शेकडो भगिनी", "परिवर्तन" हे शब्द भरपूर आणि एकाही बाईचं नाव नाही, तिने काम कधी सुरू केलं हे नाही, निर्णय कोण घेतं हेही नाही, तर मी पुढे जाते. ज्या ठिकाणी खरंच बाई मालक असते तिथे तिचं नाव लपवायचं कारण नसतं.

पायरी तिसरी: पहिला निरोप

नंबर मिळाला की थेट निरोप पाठवा. बुकिंगची मोठी संकेतस्थळं होमस्टे-हॉटेलांकडून साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन घेतात. चार खोल्यांच्या घरासाठी हा मोठा घास आहे. तेव्हा थेट बुकिंग ही सगळ्यात सोपी मदत, आणि त्यात तुमचा एक पैसा जास्त जात नाही. फक्त "थेट करतोय तर स्वस्तात द्या" असं लगेच म्हणू नका. कमिशन वाचलं ते तिचं वाचू दे.

याला एक अपवाद. एकटीने प्रवास करताना, अनोळखी ठिकाणी, पहिल्यांदा जात असाल आणि संकेतस्थळामुळे रद्द करण्याची सोय किंवा सुरक्षितता मिळत असेल, तर पहिलं बुकिंग तिथून करा आणि मुक्काम वाढवायचा असेल तर तो थेट करा. स्वतःच्या जिवाला घोर लावून कुणाला मदत करण्यात अर्थ नाही.

निरोपात काय लिहायचं? लहान लिहा. तारखा, माणसं किती, कुठून येताय, किती वाजता पोहोचाल. मग एकच प्रश्न: "बुकिंग आणि पैशांबद्दल मी कुणाशी बोलू?" या साध्या प्रश्नाचं उत्तर खूप काही सांगतं. "माझ्याशीच" आलं तर झालंच. "मुलगा बघतो" आलं तरी बिघडत नाही, कदाचित इंग्रजी त्याला येत असेल. पण प्रत्येक निरोपाला वेगळाच कुणीतरी पुरुष उत्तर देत असेल आणि बाई एकदाही येत नसेल, तर पाटीवरच्या नावाबद्दल विचार करावा.

उत्तराला उशीर झाला तर थांबा. ती एकटीच स्वागतकक्ष, हिशेबनीस आणि सफाई कामगार आहे. सकाळी अकराला आलेला निरोप ती रात्री दहाला बघते.

पायरी चौथी: तिथे पोहोचल्यावर डोळे उघडे ठेवा

इथे मी स्वतः फसले आहे. एका प्रवासात "महिला कारागिरांनी हाताने भरलेले" अशी पाटी असलेल्या दुकानातून मी एक भरतकामाचा तुकडा घेतला. कोपऱ्यातलं एक फूल जरा तिरकं होतं. हाताचं काम म्हटल्यावर असं होणारच, म्हणून मला ते फारच आवडलं. संध्याकाळी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात तोच तुकडा टांगलेला. त्याच कोपऱ्यातलं तेच फूल, तेवढंच तिरकं.

हाताची चूक दोनदा त्याच जागी, तेवढ्याच मापाने होत नाही. त्या दिवसापासून मी कापड उलटं करून बघते. हाताच्या भरतकामाच्या मागच्या बाजूला गाठी असतात, एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारलेला धागा असतो, समोरचाच रंग मागे दिसतो. मशिनच्या कामात मागे बहुधा सगळीकडे एकाच रंगाचा खालचा धागा, अगदी एकसारखा. आणि एकाच नक्षीचे दोन नग शेजारी ठेवून बघा. हे सगळ्यात सोपं.

यापेक्षा अवघड असतो तो देखावा. मोरोक्कोतलं आर्गन तेल हे याचं प्रसिद्ध उदाहरण. आर्गनच्या बिया दगडाने फोडून तेल काढणं हे तिथल्या ग्रामीण बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ झुबिदा शरूफ यांनी नव्वदच्या दशकात बायकांच्या सहकारी संस्था उभ्या करायला पुढाकार घेतला आणि त्या कामाला पैसा आणि नाव मिळालं. २०१४ साली युनेस्कोने या कौशल्याला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नाव झालं म्हणताच रस्त्याकडेला "महिला सहकारी" अशा पाट्या लागू लागल्या, जिथे दारात चार बायका बिया फोडत बसवलेल्या असतात आणि आतलं दुकान भलत्याच कुणाचं असतं. टूरची बस थांबते, लोक फोटो काढतात, खरेदी करतात, ड्रायव्हरला कमिशन मिळतं. बिया फोडणारीला त्या दिवसाची मजुरी.

मग ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघते. पहिली, भाव कोण सांगतं. ग्राहकाने किंमत विचारली की बाई स्वतः उत्तर देते की मान वळवून कुणाकडे बघते? दुसरी, किल्ली आणि वही कुणाकडे आहे. गल्ल्याची किल्ली, पावतीपुस्तक, मालाची वही, यातलं काहीतरी तिच्या हातात असावं. तिसरी, ती "नाही" म्हणू शकते का. "हा रंग आता मिळणार नाही", "या तारखेला मी बंद ठेवते", "एवढ्यात परवडत नाही" अशी वाक्यं मालकाच्या तोंडी येतात. नोकर सहसा "विचारून सांगते" म्हणतो.

सहकारी संस्था असेल तर सरळ विचारता येतं: सभासद किती, नफा कसा वाटता, अध्यक्ष कोण? खऱ्या संस्थेतल्या बायका हे आनंदाने सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. एकट्या व्यावसायिक बाईला मात्र अशी उलटतपासणी नको. "हे तुम्ही कधी सुरू केलं?" एवढा एक प्रश्न पुरतो. त्याच्या उत्तरात सगळं येतं: भांडवल कुठून आलं, घरचे काय म्हणाले, पहिलं गिऱ्हाईक कोण. कर्ज मिळालं नव्हतं हेही बहुधा येतं. त्याचं नवल वाटायला नको. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा काही राज्यांत व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्या बाईला घरातल्या पुरुषाची सही आणावी लागत असे, ती अट १९८८च्या कायद्याने गेली. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या तिथल्या किती व्यावसायिक बायकांनी ती सही आणली असेल.

पायरी पाचवी: भाव

घासाघीस करावी की नाही यावर लोक उगाच टोकाला जातात. माझ्या मते विकणारी आणि बनवणारी असा फरक करावा.

इंफाळचं 'इमा कैथेल' घ्या. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. हजारो विक्रेत्या, सगळ्या बायका. यांच्याच आधीच्या पिढ्यांतल्या मणिपुरी बायकांनी १९०४ आणि १९३९ साली इंग्रजांच्या धोरणांविरुद्ध 'नुपी लान', म्हणजे बायकांची लढाई, लढली. त्यांना तुमच्या दयेची गरज नाही. तिथे भाव करणं हा धंद्याचाच भाग आहे, आणि त्यात त्या तुमच्यापेक्षा तयार आहेत. जिथे बाजाराची रीत आहे तिथे हसतखेळत भाव करा आणि हरायची तयारी ठेवा.

स्वतः बनवणारीकडे मात्र आधी विचारा, "हे करायला किती दिवस लागले?" मग मनातल्या मनात किमतीतून धाग्याचे, रंगाचे पैसे वजा करा, आणि उरलेल्याला दिवसांनी भागा. जो आकडा येतो तो तिचा रोज. तुमच्या कामाचा रोज शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा घासाघीस करायची इच्छाच राहत नाही. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. मोठी वस्तू निम्म्या भावात मागण्यापेक्षा ते बरं. आणि फक्त बघायचं असेल तर तसं सांगून टाका, दहा घड्या उलगडायला लावू नका. त्या पुन्हा घालायला अर्धा तास जातो.

दयेपोटी नको असलेली वस्तूही घेऊ नका. जे लोक वापरणार नाहीत तेच खपतंय असं दिसलं तर ती तेच बनवत राहील, आणि पुढच्या वर्षी तुमच्यासारखं कुणी आलं नाही की माल पडून राहील. "हे आवडलं, पण याला आतून खिसा असता तर मी घेतलं असतं" हे वाक्य तिच्या जास्त कामाचं आहे.

पायरी सहावी: पैसे देताना

लेखाच्या सुरुवातीचा क्यूआर कोड आठवा. तिथे काय करायचं?

विचारायचं. तिलाच, आणि सगळ्यांसमोर नाही. "पैसे कसे देऊ, तुम्हाला काय सोयीचं?" एवढंच. "नवऱ्याच्या खात्यात का?" असं नाही. आपण निघून जातो, तिला तिथेच राहायचं असतं. ती म्हणाली की त्याच खात्यात पाठवा, तर तिथेच पाठवा. घरातला हिशेब ती आपल्यापेक्षा चांगला जाणते. पण तिला रोख हवे असतील तर ते देता यावेत म्हणून खिशात थोडी रोख ठेवा, तीही सुट्ट्या नोटांत.

स्वतःच्या नावाचं खातं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना सुरू केल्यावर लगेच ओळखलं होतं. दोन वर्षांनी, १९७४ साली, ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घालून सेवा बँक काढली. बऱ्याच जणींना सही येत नव्हती, तर हातात पाटी धरलेला फोटो हीच ओळख ठरवली. पैसे नवऱ्याच्या किंवा सावकाराच्या हाती न जाता आपल्या नावावर राहावेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

बाकी साध्या गोष्टी आहेत, पण इथेच पाहुणे चुकतात. ठरलेली आगाऊ रक्कम ठरलेल्या दिवशी पाठवा. बेत बदलला तर लगेच कळवा. मोठ्या हॉटेलात रद्द झालेली खोली कुणाला तरी मिळते, दोन खोल्यांच्या घरात ती रिकामी राहते आणि तिने तुमच्यासाठी नाकारलेला दुसरा पाहुणाही गेलेला असतो. आयत्या वेळी रद्द करावंच लागलं तर पैसे परत मागू नका, निदान एका रात्रीचे. गाइडला टिप द्यायची असेल तर तिच्याच हातात द्या, कंपनीच्या टेबलावर ठेवू नका.

फोटो आणि गोष्ट

यावर थोडक्यात. आधी विचारून फोटो काढा, हे सगळे सांगतात. मी आणखी एक सांगेन: तो कशासाठी ते सांगा. "माझ्या घरच्यांना दाखवायला" आणि "हजारो लोक बघतील असं टाकायला" यांत फरक आहे, आणि हो म्हणायचं की नाही ते त्यावर ठरतं. नक्षीचे जवळून फोटो काढून टाकताना दोनदा विचार करा. नक्कल करणारे तेच शोधत असतात.

आणि तिची गोष्ट सांगताना तिला बिचारी करू नका. केनियातलं उमोजा हे गाव याचं चांगलं उदाहरण आहे. रेबेका लोलोसोली आणि सांबुरू जमातीच्या इतर बायकांनी १९९० साली ते वसवलं, अत्याचारातून बाहेर पडलेल्या बायकांचं गाव म्हणून. मण्यांचे दागिने विकून आणि पर्यटकांसाठी तंबूंची जागा चालवून त्या ते चालवतात. येणारे जाणारे बहुतेक जण त्यांच्या दुःखाबद्दल लिहितात. त्या तंबूंच्या जागेचा हिशेब कसा ठेवतात, हंगाम नसताना काय करतात, हे फार थोडे विचारतात. खरं तर पुढच्या प्रवाशाला उपयोग या दुसऱ्या माहितीचाच आहे.

पायरी सातवी: परतल्यावर

इथे बहुतेक जण गळतात, आणि खरी मदत तर इथेच असते. अभिप्राय लिहा, पण "खूप छान, नक्की भेट द्या" असा नाही. त्याने कुणी येत नाही. नाव लिहा: घराचं, तिचं (ती चालेल म्हणाली असेल तर). तुम्ही काय घेतलं, किती दिवसांचा ट्रेक केला, रस्ता कुठून वळतो, नंबर कुठल्या वेळी लागतो. "स्टँडवरून रिक्षा मिळते, पण शेवटची चढण पायी आहे, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा" असं एक वाक्य दहा चांदण्यांपेक्षा जास्त गिऱ्हाइकं आणतं. तिच्या भाषेतही दोन ओळी लिहा, भाषांतर करून का होईना. तिला वाचता येऊ दे.

काही चुकलं असेल, पाणी गार होतं, गाइड उशिरा आली, तर आधी तिला खासगीत सांगा आणि आठवडाभर थांबा. लहान व्यवसायाला एक तिखट अभिप्राय वर्षभर भोवतो. फसवणूक किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र बाई मालक आहे म्हणून गप्प बसू नका. ते तिच्याही भल्याचं नाही आणि पुढच्या प्रवाशाच्याही.

वस्तू आवडली असेल तर पुन्हा मागवा. कुरिअरने दहा नग एकदम, चार मैत्रिणींचे मिळून. प्रवाशाची खरेदी हंगामापुरती असते. दारात पर्यटक नसताना आलेली ऑर्डर तिला जास्त मोलाची. ऑर्डर देताना मुदत तिला ठरवू द्या.

आणि नकाशा बघा. मी त्या होमस्टेचा नकाशावरचा ठिपका तपासला तर तो भलत्याच वळणावर होता, आणि संपर्काला नवऱ्याचा नंबर. ठिपका मी दुरुस्त करून पाठवला. नंबराचं मात्र तिला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, माझाच टाका, दुपारी दोन ते चार सोडून कधीही लावा म्हणावं.